ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर गेलेला माणूस कसा शोधायचा: नावावर जाऊ नका, जहाज पकडा

१७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत ब्रिटन आणि आयर्लंडमधून १,६०,००० च्या वर कैदी ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींत धाडले गेले. त्यात बायका सुमारे २५,०००. यांतल्या बहुतेकांची उंची, डोळ्यांचा रंग, धंदा, गुन्हा, फटके आणि सुटका असं सगळं कुठल्या ना कुठल्या वहीत कारकुनाने उतरवलेलं आहे. हे दप्तर इतकं दांडगं आहे की २००७ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. सिडनी-मेलबर्नला राहणाऱ्या मराठी घरांत हा शोध बहुधा जावयाच्या किंवा सुनेच्या घराण्यामुळे सुरू होतो, नाहीतर आपल्याच गल्लीला ज्याचं नाव आहे तो माणूस कोण, या कुतूहलापोटी. निमित्त काहीही असो, वाट एकच आहे, आणि नवखे लोक पहिल्याच पायरीवर चुकतात. ते नाव शोधत बसतात.

नाव हा या दप्तरातला सगळ्यात कच्चा धागा आहे. ठाण्याचं ‘टान्ना’ करणारे साहेबाचे कारकून आयरिश माणसाचं नावही कानाला आलं तसंच लिहीत. इंग्लंडात माणूस गावावरून ओळखला जाई, वसाहतीत जहाजावरून. सरकारी कागदावर नावापुढे ‘अमुक जहाजाने आलेला’ असं जवळजवळ आडनावासारखं लिहिलेलं असे. ते जहाज हाती आलं की बाकीचे कागद आपोआप सापडू लागतात.

आधी काय जमवायचं

- एक तक्ता. रकाने: तारीख, ठिकाण, नाव (कागदावर जसं लिहिलंय तसंच, दुरुस्त न करता), जहाज, कागदाचा प्रकार, संदर्भ क्रमांक, मजकूर.
- घरातले जन्म-लग्न-मृत्यूचे दाखले, बायबलमध्ये लिहिलेल्या नोंदी, थडग्याचा फोटो.
- नावाच्या पर्यायांची यादी. मेरीची मॉली किंवा पॉली होते, ब्रिजेटची बिडी, कॅथरिनची किटी. रायली हे आडनाव तीन-चार स्पेलिंगांनी येतं, ‘ओ’ लावून आणि न लावूनही.
- स्थानिक सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड. अँसेस्ट्रीसारख्या सशुल्क संकेतस्थळांची ग्रंथालय आवृत्ती अनेक ठिकाणी तिथे बसून फुकट वापरता येते. पहिल्या महिन्यात वर्गणी भरू नका.

१. उलटं चाला, मृत्यूपासून

कैद्यापासून आजच्या माणसापर्यंत येऊ नका. आजच्या माणसापासून एकेक पिढी मागे जा. न्यू साउथ वेल्समध्ये नागरी नोंदणी १ मार्च १८५६ पासून आहे, व्हिक्टोरियात १ जुलै १८५३ पासून, टास्मानियात त्याही आधी, १८३८ च्या शेवटापासून. त्यापूर्वीचं सगळं चर्चच्या वह्यांत.

१८५६ नंतर न्यू साउथ वेल्समध्ये वारलेल्या कैद्याचा मृत्यूचा दाखला सोन्यासारखा असतो, कारण त्यात ‘वसाहतीत किती वर्षे’ असा एक रकाना आहे. मृत्यू १८७१ चा आणि रकान्यात ४० वर्षे असली, तर आगमन १८३१ च्या आसपासचं. नोंदींची सूची फुकट चाळता येते. दाखल्याला पैसे पडतात. पूर्ण दाखल्याऐवजी मान्यताप्राप्त एजंटाकडून नोंदीची टंकलिखित नक्कल घेतली तर स्वस्तात आणि लवकर काम होतं.

मात्र दाखल्यातली माहिती देणारा मेलेला माणूस नव्हता, त्याचा मुलगा, जावई किंवा शेजारी होता. बाप कैदी म्हणून आला हे मुलाला ठाऊक नसे, किंवा ठाऊक असूनही सांगायचं नसे. म्हणून वर्षांचा आकडा दोन-तीन इकडे-तिकडे धरा. ‘जहाजावर खलाशी म्हणून आला’ असं घरात सांगत असतील तर तेही तक्त्यात टिपून ठेवा, पण पेन्सिलीने.

२. वसाहत ठरवा

दप्तरं वसाहतवार विभागलेली आहेत, म्हणून हे आधी.

- न्यू साउथ वेल्स: १७८८ ते १८४०. १८४९ मध्ये ‘हॅशेमी’सारखी काही जहाजं पुन्हा आली.
- व्हॅन डीमेन्स लँड, म्हणजे १८५६ पासूनचं टास्मानिया: १८०३ ते १८५३.
- पश्चिम ऑस्ट्रेलिया: १८५० ते १८६८, फक्त पुरुष, साधारण ९,७००. शेवटचं जहाज ‘हूगुमाँट’ जानेवारी १८६८ मध्ये फ्रीमँटलला लागलं.

इथे दोन गोंधळ ठरलेले. १८१२ पूर्वी टास्मानियाला गेलेले बहुतेक कैदी सिडनीमार्गे गेले, तेव्हा त्यांची आगमनाची यादी सिडनीच्या दप्तरात शोधावी लागते. आणि मेलबर्न व ब्रिस्बेन तेव्हा स्वतंत्र वसाहतींच्या राजधान्या नव्हत्या: १८५१ पूर्वीचं व्हिक्टोरिया आणि १८५९ पूर्वीचं क्वीन्सलंड न्यू साउथ वेल्सच्याच कागदांत आहे.

३. जहाज पक्कं करा

लंडनच्या गृहखात्याची कैदी-वाहतुकीची नोंदवही ‘एचओ ११’ या क्रमांकाखाली क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. तिच्यात नाव, खटल्याचं ठिकाण व तारीख, शिक्षेची मुदत आणि जहाज मिळतं. गुन्हा मिळत नाही; तो न दिसल्याने लोक चुकीची वही उघडली असं समजून परत फिरतात.

ही वही बघायला लंडनला जायला नको. ऑस्ट्रेलियन जॉइंट कॉपिइंग प्रोजेक्टने १९४८ पासून तिच्या मायक्रोफिल्म केल्या आणि त्या आता ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्ह या संकेतस्थळावर फुकट आहेत. त्याच वहीवरून क्वीन्सलंडच्या राज्य ग्रंथालयाने १,२३,००० हून अधिक नावांची सूची केली आहे. तिथून सुरुवात सोपी पडते. पण ही सूची सगळ्यांची नाही, तेव्हा ‘नाव नाही म्हणजे कैदी नव्हता’ असं म्हणू नका.

जहाजाचं नाव मिळालं की लगेच साल जोडा, कारण एकच जहाज पुन्हा पुन्हा फेऱ्या मारी. ‘सरी’ नावाचं जहाज १८१४ ते १८४२ मध्ये कैदी घेऊन अकरा वेळा आलं, आणि त्याचं स्पेलिंगही दोन प्रकारे लिहिलेलं सापडतं. म्हणून सूचींत जहाजापुढे फेरीचा आकडा देतात. नुसतं ‘सरी’ लिहून ठेवलंत तर पुढच्या प्रत्येक कागदाला ‘अकरापैकी कोणती?’ हा प्रश्न येणार.

माणूस तोच आहे असं ठरवायला पाच खुणा जुळायला हव्यात: नाव, जहाज, साल, खटल्याचं ठिकाण, शिक्षेची मुदत. चार जुळल्या तर पुढे जा, पण शंका टिपून. तीन जुळल्या तर थांबा. एकाच जहाजावर एकाच नावाचे दोघे असत. तेव्हा कारकून ‘पहिला’, ‘दुसरा’ असं लिही. वयाला या पाचांत जागा नाही. ते सहज चार-पाच वर्षांनी हलतं.

४. खटला

लंडन आणि मिडलसेक्सचा खटला असेल तर ओल्ड बेलीचं कामकाज १६७४ ते १९१३ पर्यंत नेटवर फुकट वाचता येतं, साक्षीपुराव्यासकट. चोरलेल्या रुमालाची किंमत, पकडणाऱ्याचं म्हणणं, आरोपीचं एका ओळीचं उत्तर, सगळं. इतर परगण्यांसाठी ‘एचओ २७’ या गुन्हेगार-नोंदवह्या १८०५ पासून आहेत. त्यात गुन्हा एका ओळीत मिळतो. तपशील हवा तर त्या परगण्याच्या अभिलेखागारात आणि वर्तमानपत्रांत जावं लागतं.

आयर्लंडचं दुखणं वेगळं. १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्सला आग लागली आणि १८३६ पूर्वीच्या हद्दपारीच्या वह्या जळाल्या. त्या काळासाठी कैद्यांनी केलेले दयेचे अर्ज तेवढे बघता येतात. म्हणजे आयरिश माणूस १८३६ पूर्वीचा असेल तर आयर्लंडात डोकं फोडण्यात अर्थ नाही; सिडनीची आगमन-यादीच आधी उघडा.

५. न्यू साउथ वेल्सचे कागद, याच क्रमाने

*इंडेंट.* जहाज लागलं की कैदी कुणाच्या ताब्यात दिले त्याची ही यादी. सुरुवातीच्या वर्षांत ती त्रोटक आहे. १८२० च्या दशकाच्या मध्यापासून वय, धर्म, लिहिता-वाचता येतं का, लग्न, मुलं, मूळ गाव, धंदा, गुन्हा, आधीच्या शिक्षा, उंची, रंग, व्रण, गोंदण असे रकाने भरतात. समासातली बारीक अक्षरं सोडू नका. तिकिटाचे आणि माफीचे क्रमांक (ही दोन्ही पुढे येतात), मृत्यूची तारीख असं पुढचं आयुष्य तिथेच मागाहून टिपलेलं असतं.

*तिकीट ऑफ लीव्ह.* शिक्षा संपण्याआधी स्वतःसाठी काम करायची परवानगी. १८२७ नंतरच्या नियमाप्रमाणे सरकारने ज्याच्याकडे राबायला दिलं त्या एकाच मालकाकडे नीट वागणाऱ्याला सात वर्षांच्या शिक्षेत चार वर्षांनी, चौदाच्या शिक्षेत सहा वर्षांनी आणि जन्मठेपेत आठ वर्षांनी ते मिळू शके. त्यावर जिल्हा लिहिलेला असे आणि त्याबाहेर पाऊल टाकायला वेगळा पास लागे. त्यामुळे माणूस अमुक साली कुठे राहत होता याचा भक्कम पुरावा हाच. चेकबुकाला मागे राहते तशी या तिकिटाची स्थळप्रत राहिली आहे. जिल्हा बदलला, तिकीट रद्द झालं, हे त्याच प्रतीवर मागाहून लिहिलेलं सापडतं, कधी पाठीमागे. नक्कल मागवताना दोन्ही बाजू मागा.

*सुटकेचा दाखला.* मुदतीची शिक्षा भोगून झालेल्यालाच मिळे. जन्मठेपवाल्याच्या नावाने तो शोधू नका. त्याच्यासाठी माफी: सशर्त असेल तर वसाहतीत मोकळा पण ब्रिटनला परतायचं नाही, पूर्ण असेल तर कुठेही जा. दाखल्याचा क्रमांक ‘३३/’ असा सुरू झाला तर तो १८३३ चा. मुदत खटल्याच्या दिवसापासून मोजायची, जहाज लागल्यापासून नाही. हे गणित चुकलं की लोक दोन वर्षं पुढच्या वह्या चाळत बसतात.

*लग्नाची परवानगी.* शिक्षेवर असलेल्याला लग्नाला सरकारची मंजुरी लागे. न्यू साउथ वेल्सच्या या वह्या १८२६ ते १८५१ च्या. दोघांची नावं, वयं, जहाजं आणि स्थिती एकाच ओळीत मिळतात, म्हणजे एका नोंदीत दोन माणसं. अर्ज फेटाळलेला असला तर जास्त आनंद माना. कारण लिहिलेलं असतं, आणि ते बऱ्याचदा ‘इंडेंटमध्ये विवाहित म्हणून नोंद’ असंच असतं. इंग्लंडातली पहिली बायको अशी अचानक कागदावर येते.

हे सगळं न्यू साउथ वेल्सच्या राज्य अभिलेखागारात आहे, मूळ कागदांसाठी वाचनकक्ष पश्चिम सिडनीत किंग्जवूडला. सूची नेटवर फुकट आहे. सूचीत नाव सापडलं म्हणजे कागद वाचला असं होत नाही. सूची करणाऱ्यालाही ते अक्षर लावताना घाम फुटलेला असतो.

६. टास्मानियाची वह्यांची रांग

टास्मानिया सगळ्यात सोपं आणि सगळ्यात खोल. होबार्टच्या अभिलेखागाराची ‘टास्मानियन नेम्स इंडेक्स’ उघडा, नाव टाका, कैदी हा प्रकार निवडा. वहीच्या पानाचा फोटोच समोर येतो, फुकट. वह्यांना ‘कॉन’ आणि आकडा असे क्रमांक आहेत. शोधताना रोमन लिपीत टाइप करा.

- कॉन ३१: १८४३ पर्यंत आलेल्या पुरुषांचं वर्तनपत्रक
- कॉन ३३: १८४० नंतर नव्या प्रोबेशन पद्धतीखाली (थेट मालकाकडे न देता आधी सरकारी टोळीत राबवायची रीत) आलेल्या पुरुषांचं
- कॉन ४० आणि ४१: बायकांचं, अनुक्रमे जुन्या आणि नव्या पद्धतीचं
- कॉन १४ आणि १५: पुरुष आणि स्त्रियांचे इंडेंट
- कॉन १८ आणि १९: शरीरवर्णन
- कॉन ५२: लग्नाची परवानगी

वर्तनपत्रकाचं पान पहिल्यांदा पाहिलं की मुंग्यांची रांग वाटते. वाचायची पद्धत अशी. वर नाव, पोलीस क्रमांक, जहाज, खटला, मुदत. हा पोलीस क्रमांक लगेच लिहून घ्या. पुढच्या वह्यांत सारख्या नावाचे वेगळे करायला तोच कामी येतो. त्याखाली गुन्हा, कैद्याचं स्वतःचं म्हणणं, तुरुंगातला आणि जहाजावरच्या डॉक्टरचा शेरा. मग खालच्या जागेत वसाहतीतले अपराध: तारीख, मालकाचं आडनाव, तिरपी रेघ, आरोप, शिक्षा, शेवटी दंडाधिकाऱ्याची आद्याक्षरं. त्या तिरप्या रेघेआधीचं आडनाव हे कैद्याचं दुसरं नाव समजून अनेकांनी वंशावळीत घातलेलं आहे. तो मालक आहे, ज्याच्याकडे कैदी तेव्हा राबत होता.

शिक्षा संक्षेपात असतात. ‘टी.एल.’ म्हणजे तिकीट, ‘सी.पी.’ सशर्त माफी, ‘एच.एल.’ सक्तमजुरी. पाचच्या आकड्यापुढे तिरपी रेघ आणि आडवी रेघ दिसली तर पाच शिलिंग दंड. एका पानावर दोन-तीन माणसं बसवलेली असू शकतात आणि जागा संपली की मजकूर दुसऱ्या पानावर किंवा पुरवणी वहीत जातो. म्हणून शेवटची ओळ सुटकेची किंवा मृत्यूची नसेल तर पान संपलेलं नाही, असं समजा.

१८४० च्या दशकातल्या इंडेंटमध्ये आई-बाप-भावंडांची नावं आणि मूळ गाव असतं. शरीरवर्णनात गोंदण: नांगर, हृदय, आणि आद्याक्षरांच्या रांगा. ती आद्याक्षरं भावंडांच्या नावांशी ताडून बघा. दंडावरची अक्षरं आणि वहीतली भावंडं जुळली की माणूस तोच, मग त्याने नाव तीनदा का बदललेलं असेना.

पश्चिम ऑस्ट्रेलियाचं थोडक्यात: प्रत्येकाला नोंदणी क्रमांक, कागद पर्थच्या राज्य अभिलेखागारात, सुरुवात फ्रीमँटल तुरुंगाच्या नेटवरच्या सूचीपासून.

७. शिरगणती, आणि ‘सरकारी नोकर’ नावाचा सापळा

न्यू साउथ वेल्सची नोव्हेंबर १८२८ ची शिरगणती ही कैदीही आणि मोकळेही एकत्र असलेली मोठी यादी. नावापुढे दोन अक्षरं: ‘बी.सी.’ वसाहतीत जन्मलेला, ‘सी.एफ.’ मोकळा म्हणून आलेला, ‘एफ.एस.’ शिक्षा भोगून सुटलेला, ‘जी.एस.’ गव्हर्नमेंट सर्व्हंट. आपल्याकडे हे शब्द ऐकले की पेन्शन आठवते. इथे त्याचा अर्थ शिक्षेवर असलेला कैदी.

आणि लोक खोटं सांगत, किंवा अर्धं खरं. ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवरची बाई आठवा, मेरी रायबी. मूळची लँकेशायरची मेरी हेडॉक. घोडा चोरल्याबद्दल पकडली तेव्हा ती मुलाच्या वेशात, जेम्स बरो या नावाने वावरत होती. सात वर्षांची शिक्षा, ऑक्टोबर १७९२ मध्ये ‘रॉयल ॲडमिरल’ने सिडनीला आगमन, १७९४ मध्ये थॉमस रायबीशी लग्न, पुढे मोठी व्यापारी. १८२० मध्ये मुलींना घेऊन ती इंग्लंडला जाऊन आली आणि १८२८ च्या शिरगणतीत तिने सांगितलं: १८२१ मध्ये मोकळी म्हणून आले. शब्दशः खोटं काय त्यात? पण नुसती शिरगणती पाहणारा तिला कैद्यांच्या यादीतून काढून टाकेल. ‘सी.एफ.’ दिसलं तरी सांगितलेल्या जहाजाच्या आधीची जहाजं तपासायची ती यासाठी.

शिरगणतीच्या आधी-नंतर हजेऱ्या (मस्टर, म्हणजे सरकारने लोकांना बोलावून केलेली मोजणी) आहेत: १८०६, १८११, १८१४, १८२२, १८२५ आणि कैद्यांची १८३७ ची. बऱ्याचशा लंडनच्या गृहखात्याच्या ‘एचओ १०’ मध्ये. १८८२ च्या सप्टेंबरात सिडनीचा गार्डन पॅलेस जळाला आणि १८८१ च्या शिरगणतीचे कागद त्यात गेले. ते शोधण्यात वेळ घालवू नका.

८. सुटल्यावर तो कुठे गेला

सुटला की सरकारने त्याच्यावरची नजर काढली, म्हणून इथून कागद विखुरतात. ट्रोव्हवर जा. सिडनी गॅझेट हे वर्तमानपत्र मार्च १८०३ पासून आहे, सरकारी गॅझेट १८३२ पासून. पळालेल्यांच्या याद्या, तिकीटवाटप, दारूच्या गुत्त्याचे परवाने, बेवारस मृत्यूची चौकशी, ‘माझ्या बायकोला उधार देऊ नये’ अशा जाहिराती. शोधताना नावासोबत जहाजाचं नाव टाका, निकालांचा ढीग एकदम खाली येतो. छापील मजकूर यंत्राने वाचलेला असल्यामुळे अक्षरं चुकतात. स्पेलिंग बदलून पुन्हा शोधा. १८५१ नंतर माणूस अचानक दिसेनासा झाला तर आधी व्हिक्टोरियाच्या सोन्याच्या खाणींकडे बघा.

पुन्हा गुन्हा केला असेल तर तो आणखी दूर गेला असणार: न्यूकॅसल, पोर्ट मॅक्वारी, मोरटन बे म्हणजे आजचं ब्रिस्बेन, नॉरफोक बेट, पोर्ट आर्थर. मोरटन बेला १८२४ ते १८३९ मध्ये पाठवलेल्यांची वेगळी नोंदवही आहे.

नेटवर कुणीतरी टाकलेली तयार वंशावळ मिळाली तर तिचा उपयोग फक्त इशारा म्हणून. एकाची चूक चाळीस जणांनी उतरवली की ती चाळीस पुरावे होत नाही.

९. खटल्याचं ठिकाण ‘बॉम्बे’ असेल तर

इंडेंटमध्ये खटल्याचं ठिकाण मुंबई, मद्रास किंवा कलकत्ता दिसलं की आपल्या माणसाचे डोळे चमकतात. थांबा. मूळ गावाचा रकाना बघा, बहुतेक वेळा तिथे आयर्लंड किंवा इंग्लंड असेल. हे हिंदुस्थानात फौजी न्यायालयाने शिक्षा दिलेले गोरे शिपाई. ते कैद्यांच्या खास जहाजाने न येता व्यापारी जहाजाने चार-दोनच्या तुकड्यांत येत, म्हणून कैदी-जहाजांच्या ठरलेल्या यादीत त्यांचं जहाज सापडत नाही आणि ‘एचओ ११’ मध्येही शोधून फळ नाही. त्यांच्या पलटणीचे कागद आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतलं इंडिया ऑफिसचं दप्तर ही त्यांची वाट.

मुंबई इलाख्यातल्या देशी कैद्यांना त्या काळात मॉरिशसला, सिंगापूर-पेनांगकडे आणि १८५८ पासून अंदमानला पाठवत. तुमच्या घरात ‘पणजोबांना काळ्या पाण्यावर नेलं’ अशी आठवण असेल, तर सिडनीच्या वह्या बंद करून मुंबईच्या पुराभिलेखागारात जा आणि न्याय खात्याच्या वर्षवार खंडांपासून सुरुवात करा. मागणीपत्रात खातं, साल आणि खंड क्रमांक लागतो, म्हणून खटल्याचा जिल्हा आणि अंदाजे वर्ष घरूनच ठरवून निघा.